इव्हेंटमध्ये यायचंय, पण नेमकं कशात? नागपुरातल्या कामाचा अनुभव

इव्हेंटच्या कामात नवीन येणारी मुलंमुली मला बहुतेक एकच प्रश्न विचारतात: वेडिंग करू की कॉर्पोरेट? विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये एखाद्या रिसॉर्टवरच्या लग्नाचं रील असतं, नाहीतर धूर सोडलेल्या, लाइटने झगमगणाऱ्या स्टेजचं. मी उलट विचारते, तुम्हाला पैसे कोणाकडून घ्यायला आवडतील? नवरीच्या बाबांकडून, डॉक्टरांच्या संघटनेच्या सचिवाकडून, सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेकडून, की स्टॉल घेणाऱ्या ट्रॅक्टर-पंपाच्या कंपन्यांकडून?

प्रश्न ऐकून समोरचा जरा गोंधळतो. पण मंडप, खुर्च्या, माइक, जनरेटर सगळीकडे तेच असतात. आज लग्नाला आलेलं बिछायत केंद्र उद्या एखाद्या सभेला असतं, आणि साउंडवाले दादा परवा मेडिकल कॉन्फरन्सला. बदलतो तो टेबलापलीकडचा माणूस. तो रात्री किती वाजता फोन करणार, कशावरून भडकणार, बिल कधी फेडणार, आणि तुमचे रविवार कुठे जाणार, हे सगळं त्याच्यावर ठरतं. स्पेशलायझेशन म्हणजे माझ्या मते एवढंच: कुठल्या प्रकारच्या माणसाची काळजी तुम्ही वर्षानुवर्षं वाहू शकता ते ओळखणं.

मी लग्नांपासून सुरुवात केली, मधे प्रदर्शनं केली, आणि आता माझं जवळपास सगळं काम वैद्यकीय परिषदांचं आहे. माझा कल कुठे आहे हे त्यावरून समजून घ्या आणि पुढचं त्या हिशोबाने वाचा.

आधी नागपूरचं वर्ष समजून घ्या

मुंबई-पुण्याचे कोर्स शिकवतात ते बरोबरच असतं, पण नागपूरचं कॅलेंडर त्यात नसतं. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी दोनला लॉनवर हळद ठेवणारं कुटुंब दर मोसमात भेटतं, आणि त्यांना नाही म्हणणं हे तुमच्या कामाचा भाग असतं. एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने दगावली. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या खुल्या कार्यक्रमाची चौकशी आली की मी सावली, पाणी आणि रुग्णवाहिका यांचं बोलणं झाल्याशिवाय तारीखच लिहून घेत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गाराही येतात. ज्या लॉनला आत शिरायला हॉल नाही, तो लॉन या दोन महिन्यांत मी सुचवत नाही, कितीही सुंदर असो.

आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्ताची लग्नं थांबतात. पण नागपुरात बौद्ध कुटुंबांची संख्या मोठी आहे, आणि त्यांची लग्नं मुहूर्तावर अडत नाहीत. तिथे रविवार, सुट्टी आणि हॉलची उपलब्धता बघितली जाते. बाहेरून आलेल्या कंपन्यांच्या हे ध्यानात येत नाही. इथल्या माणसाला चातुर्मासातही काम असतं ते यामुळे.

मग डिसेंबर. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं, बहुधा डिसेंबरात. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्च्यांमुळे बंद, चांगली हॉटेलं भरलेली, भाड्याच्या गाड्या मंत्रालयातून आलेल्या लोकांच्या दिमतीला. लग्नाची तारीख मुलीच्या आजीने काढून आणलेली असते, ती हलत नाही. कॉन्फरन्सची मात्र हलवता येते. बाहेरगावच्या आयोजकाला हे फोनवर पहिल्याच बोलण्यात सांगितलंत, तर अर्धा विश्वास तिथेच मिळतो.

लग्नं

काम सर्वांत जास्त इथे आहे आणि सर्वांत लवकर मिळतं. वर्धा रोड, काटोल रोड, कोराडी रोड, बेसा, जिकडे जाल तिकडे लॉन. आणि लग्नाचे प्रकार तरी किती! सकाळी अकराच्या मुहूर्ताचं मराठी लग्न दुपारी तीनला आवरतं. जरीपटक्यातल्या सिंधी घरचं लग्न रात्री उशिरा रंगात येतं. मारवाडी-गुजराती घरात संगीतची तालीम महिनाभर आधी सुरू होते आणि कोरिओग्राफरचे नखरे वेगळे. कामठीचा वलीमा, म्हणजे मुस्लिम लग्नानंतरचं जेवण, म्हणजे हजार माणसांची पंगत तासाभरात उठवायची. एकच पॅकेज सगळ्यांना विकणारा प्लॅनर दुसऱ्या सीझनला दिसत नाही.

लग्नात पैसे देणारा एक असतो आणि निर्णय घेणारे पाच. नवरीचे बाबा शांत असतात, पण मोठ्या जावयाने मान हलवली नाही तर फुलांचं डिझाइन पुढे सरकत नाही. पहिल्या मीटिंगमध्ये बोलतो कोण यापेक्षा बोलणारा अधूनमधून कोणाकडे बघतो, याकडे लक्ष ठेवा. ज्याच्याकडे बघतो, त्याचा नंबर घ्या.

लंबी रोटीचं उदाहरण देते, कारण शिकायला आलेल्यांना मी हेच दाखवते. नागपुरी लग्नात हा काउंटर असला की पाहुणे तिथेच घुटमळतात. पातळसर मळलेली कणीक हातांवर, अगदी कोपरापर्यंत लांबवत न्यायची आणि पालथ्या तापलेल्या मडक्यावर अलगद टाकायची. बघायला इतकं सुंदर की फोटोग्राफर आणि नवरीची भावंडं म्हणतात, हा काउंटर स्टेजच्या बाजूलाच हवा. आता विचार करा. त्या बायकांना लाकडाचा जाळ लागतो, मडकं तापायला वेळ लागतो, म्हणजे जेवणाच्या बऱ्याच आधी धूर सुरू. वारा स्टेजकडे असला तर नवरा-नवरी डोळे चोळत फोटो काढणार. चुलीखाली वाळू टाकली नाही तर लॉनची हिरवळ जळते, आणि लॉनवाला तेवढे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून कापतो. बायका जमिनीवर बसून काम करतात, तर पाहुण्यांची रांग कुठून कुठे जाईल, कोणाचा पदर किंवा दुपट्टा जाळापाशी येणार नाही ना, हेही बघायचं. संध्याकाळी वारा कुठून वाहतो हे बघायला मी आदल्या दिवशी त्याच वेळी लॉनवर जाऊन उभी राहते. ज्याला या भानगडीत रस वाटतो, त्याने लग्नं करावीत. ज्याला फक्त मंडपाच्या रंगसंगतीत रस आहे, त्याने डेकोर शिकावं. तेही चांगलं काम आहे, पण ते वेगळं काम आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत आणि रात्री दहा ते सकाळी सहा खुल्या जागेत लाउडस्पीकर बंद, हा त्यांतला सगळ्यांना माहीत असलेला आणि कोणालाच नको असलेला भाग. नवरदेव घोड्यावरून पावणेदहाला गेटवर पोचला की डीजेवाला तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही जावयाकडे. हे बोलणं निमंत्रणपत्रिका छापायच्या आधी झालेलं असलं पाहिजे. वरात किती वाजता निघणार हे त्यावर ठरवा. दुसरं, गाण्यांचं लायसन्स. लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे, आणि जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केलं. कंपनीच्या वार्षिक पार्टीला मात्र ही सूट नाही. दोन्हीकडे तीच गाणी वाजतात म्हणून नियमही तोच, असं समजू नका.

लग्नाचा पैसा चांगला आहे, पण तो लग्नाआधी हातात आला तरच. बुकिंगला काही भाग, मग महिनाभर आधी मोठा हप्ता, आणि उरलेलं हळदीच्या आदल्या दिवशी. बिदाई झाल्यावर ज्या घरात आई रडते आहे, त्या घरी बिल घेऊन कोण जाणार? मी जाऊ शकत नव्हते. लग्नं सोडण्याचं हे एक कारण, आणि दुसरं कारण माझी झोप.

सरकारी आणि सार्वजनिक कार्यक्रम

इथे कागद आधी येतात. टेंडर, अनामत रक्कम, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरची नोंदणी, कार्यादेश, आणि शेवटी बिल, जे मार्च महिन्याच्या तोंडावर हलतं. ज्याच्याकडे चार-सहा महिने पैसे अडकवून ठेवायची ताकद नाही, त्याने स्वतःच्या नावावर या वाटेला जाऊ नये. एखाद्या मोठ्या ठेकेदाराकडे नोकरी करावी. तोंडी सांगितलेलं वाढीव काम, म्हणजे ‘दोन एलईडी आणखी लावून द्या, नंतर बघू’, हे नंतर कोणीच बघत नाही. साहेबांचा मेसेज तरी घ्या.

या कामातली खरी कला मला राजशिष्टाचारात दिसते. पत्रिकेवर नावांचा क्रम, मंचावर कोण कोणाच्या उजवीकडे, दीपप्रज्वलनाला कोण पुढे, सत्कार कोणाच्या हस्ते. पालकमंत्री येणार की नाही हे सकाळपर्यंत ठरत नाही, आणि खुर्च्यांवरची नावं बदलायला तुमच्याकडे दहा मिनिटं असतात. अशा कामात मुरलेली माणसं नागपुरात मोजकी आहेत आणि त्यांना कधी काम कमी पडत नाही. शासकीय भाषा येणाऱ्या, शांत डोक्याच्या मुलांनी इकडे जरूर बघावं.

गर्दी शिकायची असेल तर दीक्षाभूमीसारखी शाळा नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे धम्मदीक्षा दिली आणि दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात. याला इव्हेंट म्हणणं चुकीचं होईल, आणि तिथे कोणी आपलं कार्ड वाटत फिरू नये. पण एकदा स्वयंसेवक म्हणून पाण्याच्या किंवा प्रथमोपचाराच्या मंडपावर दिवसभर उभे राहा. समता सैनिक दलाची माणसं रांग कशी चालती ठेवतात, हरवलेल्या म्हातारीला कसं बसवून घेतात, येणारा रस्ता आणि जाणारा रस्ता कसा वेगळा राहतो, हे बघा. जून 2025 मध्ये बंगळुरूच्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत 11 जण गेले. गेट किती, उघडणार किती वाजता, आणि आत जागा संपली हे बाहेरच्याला कोण सांगणार, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे नाहीत त्याने मोठ्या गर्दीचं काम हातात घेऊ नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2014 मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनावर एक मार्गदर्शिका काढली आहे, फुकट मिळते. आमच्या धंद्यातल्या फार कमी लोकांनी ती उघडली असेल.

प्रदर्शनं

थोडक्यात सांगते. तीन बाय तीन मीटरचा स्टॉल, ऑक्टोनॉर्मचे, म्हणजे जोडायच्या ॲल्युमिनियम सांगाड्याचे पॅनल, वर फेशियावर, म्हणजे दर्शनी पट्टीवर कंपनीचं नाव, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन स्पॉटलाइट, एक प्लग पॉइंट. याची शंभर-दोनशे आवर्तनं. ॲग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन 2009 पासून नागपुरात भरतं, आधी रेशीमबागेत आणि अलीकडे दाभ्याला. सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात शिल्पमेळे भरतात. आदल्या रात्री अर्धे स्टॉलवाले येतात आणि म्हणतात, आम्हाला कोपऱ्याचा सांगितला होता. दुसरे म्हणतात, आमच्या मशीनला थ्री फेज लागेल, फॉर्ममध्ये लिहायचं राहिलं. नकाशा वाचता येणारा, विजेच्या लोडचा हिशोब करणारा आणि रात्री दोनला आवाज न चढवणारा माणूस इथे पटकन वर जातो. मला काम आवडायचं, धूळ सोसवली नाही.

डॉक्टरांच्या परिषदा

रीलमध्ये दाखवण्यासारखं यात काही नसतं. एक हॉल, एक पडदा, पोडियम, आणि बोलणारा माणूस. म्हणून नवीन मुलं इकडे फिरकत नाहीत, आणि म्हणूनच इथे जागा आहे.

नागपूर हे उपचारांसाठी विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडातून माणसं येतात असं शहर. मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज 1947 पासून, मेयो हे दुसरं सरकारी हॉस्पिटल त्याहून जुनं, मिहानला एम्स, आणि रामदासपेठ-धंतोलीत पावलापावलावर हॉस्पिटल. प्रत्येक शाखेच्या डॉक्टरांची स्थानिक संघटना आहे. तिची मासिक सभा, वर्षाची परिषद, आणि काही वर्षांतून एकदा राज्य किंवा राष्ट्रीय पातळीची परिषद नागपूरच्या वाट्याला येते. तारीख वर्षभर आधी ठरते. ज्या धंद्यात परवाचं काम आज येतं, तिथे वर्षभर आधी ठरलेली तारीख किती मोलाची आहे हे लग्नं केल्यावरच कळतं.

समोरचा माणूस म्हणजे ऑर्गनायझिंग सेक्रेटरी. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी ओपीडी, म्हणून तुमची मीटिंग रात्री साडेनऊला हॉस्पिटलच्या केबिनमध्ये. मधे इमर्जन्सी आली की ते उठून जातात आणि तुम्ही बसून राहता. ते कमी बोलतात, ईमेल वाचतात, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला त्यांना आवडत नाही. मला ही माणसं मानवतात. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या मैत्रिणीला ती रूक्ष वाटली. ती आज सिंधी आणि पंजाबी लग्नं करते, आणि तिच्या फोनवर नवरीच्या आईचे पन्नास व्हॉइस मेसेज असले तरी ती हसत ऐकते. ज्याचं त्याला जमतं.

यातलं शिकण्यासारखं काम सकाळी साडेसातच्या नोंदणी टेबलावर आहे. आठशे डॉक्टर आणि त्यांतले चारशे आठ ते साडेआठमध्ये येतात. आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे काउंटर केले तर ‘डी’, ‘के’ आणि ‘पी’ यांच्यासमोर रांग आणि बाकी माश्या मारत बसलेले, कारण विदर्भात देशमुख, देशपांडे, काळे, पाटील, पांडे यांचं पीक मोठं. म्हणून मी नोंदणी क्रमांकाप्रमाणे काउंटर लावते, तो क्रमांक आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला मेसेज करते, आणि ज्यांना तो सापडत नाही त्यांच्यासाठी सगळ्यांत समजूतदार मुलीला वेगळ्या टेबलावर बसवते. जागेवर पैसे भरणाऱ्यांचं टेबल दाराजवळ ठेवायचं नाही. तिथे स्वाइप मशीनचं नेटवर्क गेलं की सगळा हॉल अडतो. बॅजवर नाव एवढं मोठं हवं की चार हातांवरून वाचता यावं, आणि ‘डॉ.’ राहून गेलं तर ते पाचव्या मिनिटाला परत येतात.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरांना नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट गुण दाखवावे लागतात. अशा परिषदांमधून ते मिळतात. म्हणजे परिषदेला कौन्सिलची मान्यता आधी घ्यायची, कौन्सिलचा निरीक्षक येतो त्याची व्यवस्था करायची, आणि हजेरी नीट ठेवायची. जेवणाचं कूपन हरवलं तर डॉक्टर हसून सोडून देतात, क्रेडिट गुण हरवले तर वर्षभर फोन करतात.

पैशाची बाजूही बदलली आहे. औषध कंपन्यांच्या प्रचारासाठी केंद्राने मार्च 2024 मध्ये नवी आचारसंहिता आणली. डॉक्टरांना भेटवस्तू नाहीत, वक्ता असल्याशिवाय प्रवास-हॉटेलचा खर्च नाही, आणि कंपनीच्या नावाची आठवण करून देणारी वस्तू दिली तर ती हजार रुपयांच्या आतली. पूर्वी प्रायोजकाच्या जोरावर किटबॅगमध्ये काय काय असायचं! आता कंपनीची माणसं प्रत्येक खर्चाचा कागद मागतात. जो आयोजक तो कागद नीट देतो त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतात. बिलं, करार, जीएसटी यांची आवड असलेल्या मुलामुलींना मी म्हणूनच इकडे ओढते.

आणि प्रीव्ह्यू रूम. हॉलच्या बाजूची छोटी खोली, तिथे वक्ते स्लाइड देऊन जातात. शस्त्रक्रियेचा व्हिडिओ स्लाइडमध्ये दिसतो, पण फाइल त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर राहिलेली असते. मोठे सर्जन, भाषण वीस मिनिटांवर, आणि पडद्यावर काळा चौकोन. प्रीव्ह्यू रूममध्ये मी असा मुलगा बसवते जो नम्रपणे म्हणेल, ‘सर, एकदा चालवून बघू का?’ आणि सरांनी ‘चालतं ते’ म्हटल्यावरही चालवून बघेलच. असा मुलगा सापडणं सोपं नाही.

तांत्रिक बाजू, आणि थोडं पैशाचं

कुठल्याच ग्राहकाशी बोलायचं नसेल, तरी या धंद्यात जागा आहे. शो कॉलर, म्हणजे हेडसेटवर बसून लाइट, साउंड, एलईडी आणि निवेदक यांना सेकंदाच्या हिशोबाने सांगणारा माणूस. साउंड इंजिनिअर. लाइट प्रोग्रॅमर. ट्रस, म्हणजे लाइट टांगायचा लोखंडी-ॲल्युमिनियमचा सांगाडा उभारणारी टीम. 62.5 केव्हीएचा जनरेटर पुरेल की 125 चा मागवायचा, अर्थिंग कुठे टाकायचं, हे ठामपणे सांगणारा माणूस लग्नापासून सरकारी कार्यक्रमापर्यंत सगळ्यांना लागतो. या मुलांना सीझनमध्ये एका रात्रीत दोन ठिकाणांहून बोलावणं असतं. इथे शिकायचं ते गोदामात, केबल गुंडाळता गुंडाळता. कोर्सने हे येत नाही.

मोठ्या गायकांचे शो, म्हणजे कलाकाराचा रायडर (त्याच्या अटी-मागण्यांची यादी), तिकीटविक्री, स्टेडियम, हे मी केलेलं नाही, त्यामुळे त्यावर भाषण देत नाही. एवढं मात्र बघितलंय की त्यात तिकीट खपलं नाही तर तोटा आयोजकाचा, आणि नागपुरात पासवर येण्याची सवय जुनी आहे. सुरेश भट सभागृहात दोन हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत. त्यांतल्या विकत किती गेल्या हे विचारल्यावर आयोजक विषय बदलतात.

आता हिशोबाची एक गोष्ट, जी कोणत्याच कोर्समध्ये मला कोणी सांगितली नाही. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते, आणि इव्हेंटच्या सेवेवर 18 टक्के लागतो. समजा दहा लाखांचं लग्न आहे आणि तुमची फी एक लाख. सगळे पैसे तुमच्या खात्यात घेऊन तुम्ही पुढे मंडपवाल्याला, केटररला देत असाल, आणि बिलही सगळ्याचं तुमच्या नावाने फाडत असाल, तर तुमची उलाढाल दहा लाख. दोन लग्नांत तुम्ही मर्यादेला टेकलात, खिशात मात्र दोन लाख. त्याऐवजी कुटुंबाने केटररला थेट पैसे दिले आणि तुम्ही फक्त फीचं बिल केलं, तर तुमची उलाढाल एक लाख. दोन्ही पद्धतींनी काम चालतं. पहिल्या पद्धतीत वेंडर तुमच्या मुठीत राहतात, दुसरीत तुम्ही हलके राहता. कोणती घ्यायची हे सुरुवातीलाच एखाद्या सीएला विचारा. घरात काका-मामा सीए नसतील तर दोन हजार रुपये फी देऊन विचारा.

मग निवडायचं कसं

पहिले दोन सीझन निवडू नका. एक हिवाळा लग्नं, एक प्रदर्शन, दोन-तीन परिषदा, जमलं तर अधिवेशनाच्या काळातला एखादा सरकारी कार्यक्रम. रनर, म्हणजे पडेल ते धावपळीचं काम करणारा म्हणून जा, रोजीवर जा. ‘अनुभव मिळेल, सर्टिफिकेट देऊ’ म्हणून फुकट राबवणारे शहरात आहेत. घरी पोचवायची गाडी आणि जेवण तरी ठरवून घ्या. मुलींनी तर गाडीचं आधी बोला, बाकीचं नंतर. माझ्या बाबांचा या कामाला विरोध नव्हता, रात्री एकला मानेवाड्यात कोण सोडणार एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

डिप्लोमा करावा का? मुंबई-पुण्यात मोठ्या एजन्सीत नोकरी हवी असेल तर करा, तिथे त्याने दरवाजा उघडतो. नागपुरात मला आजवर कोणी विचारलेला नाही. इथे विचारतात ते हे: मराठी आणि हिंदी दोन्ही सफाईने येतं का, इंग्रजीत चार ओळींचा ईमेल चुका न करता लिहिता येतो का, एक्सेल येतं का, आणि पहाटे पाचला येशील का.

काम करताना लक्ष स्वतःवर ठेवा. दिवस संपल्यावर कशाबद्दल बोलावंसं वाटतं? घरी जाऊन पाहुण्यांच्या गमती सांगत असाल तर लग्नं. स्टेज सातला तयार व्हायचं होतं ते सहालाच झालं, हे सांगत असाल तर तांत्रिक बाजू. कोणाचं बिल किती दिवसांत आलं हे सांगत असाल तर परिषदा किंवा कॉर्पोरेट. आणि थकवाही बघा, तो दोन प्रकारचा असतो. पाय दुखतात तो एक, तो सगळीकडे सारखा. दुसरा माणसांचा. ज्या प्रकारच्या ग्राहकाचा फोन वाजल्यावर स्क्रीनकडे बघून तुमचा चेहरा पडतो, त्या प्रकारचं काम पैसे बरे असले तरी पाच वर्षं निभत नाही.

वेंडरांची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. नाव, नंबर, दर हे सगळे लिहितात. त्यापुढे हेही लिहा: वेळेवर आला का, खराब निघालेली वस्तू न भांडता बदलली का, त्याच्या पोरांना तो जेवू घालतो का. नेताजी मार्केटच्या फुलवाल्यापासून गांधीबागेतल्या कापडवाल्यापर्यंत, ज्याची नोंद चांगली त्याच्याकडे पुढच्या वर्षी तुमच्या पहिल्या स्वतंत्र कामाला उधारीवर माल मिळतो. शाखा बदलली तरी वही तीच चालते. माझी लग्नाची वही मी आजही परिषदांना वापरते, फक्त घोडेवाल्यांची पानं तशीच राहिली.

आणि कोणाकडे काम मागायला फोन करणार असाल, तर तो नवरात्र बसायच्या आधी करा. तेव्हा आम्ही सगळे माणसं शोधत असतो, दोन वाक्यं नीट बोलायला वेळही असतो. दिवाळीनंतर फोन उचलला जाईलच असं नाही, आणि उचलला तर ‘उद्या सहाला लॉनवर ये, काळे बूट घालून’ एवढंच ऐकू येईल.